पोतं, पायरी आणि आज्ञेवरून लावलेली पाटी

आमच्या दुकानात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर एक पत्र्याची पाटी आहे. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'ग्राहकाच्या सामानाची अथवा इजेची जबाबदारी दुकानदारावर राहणार नाही. आज्ञेवरून.' आता आज्ञेवरून म्हणजे नक्की कुणाच्या आज्ञेवरून हे मला लग्न होऊन या घरात आल्यापासून कळलेलं नाही, एकदा अण्णांना म्हणजे सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले पेंटरनं उरलेल्या जागेत लिहिलं. परवा एका ओळखीच्या दुकानदारांकडे एक गिऱ्हाईक पडलं आणि त्यांचा मला फोन आला, वहिनी तुमच्याकडे झालेलं तेव्हा तुम्ही काय केलं हो. फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला, तेव्हा म्हणलं आता लिहूनच टाकू, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

आमचं भांड्यांचं दुकान आहे, साताऱ्यात, मोती चौकापासून जवळच. स्टील किलोवर, तांबं-पितळ, कुकर, डबे, जुनी भांडी मोडीत घेणं आणि भांड्यांवर नाव घालून देणं. दुकानाला दोन पायऱ्या. पूर्वी त्या दगडी होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, दिसायला वाईट पण त्यावरून कधी कुणी घसरल्याचं अण्णांनासुद्धा आठवत नाही. २०२२ च्या दिवाळीआधी आम्ही दुकानाचं काम काढलं आणि नवऱ्याच्या हौसेपायी पायऱ्यांना काळा ग्रॅनाईट बसवला, फुल पॉलिश, आरशासारखा, पायरीत माणसाचा चेहरा दिसायचा. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. मग पुढचा जून आला.

साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको. यवतेश्वरच्या बाजूनं एकदा आलं की दिवस दिवस थांबत नाही, बारीक पण सतत. त्या पावसात ग्रॅनाईट म्हणजे साबण लावलेली परात. आमच्याकडे दुकानात कामाला असलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात डब्यांचा गठ्ठा घेऊन आपटता आपटता वाचला. त्यावर आम्ही काय उपाय केला, तर शेजारच्या किराणा दुकानातून एक रिकामं पोतं आणलं आणि वरच्या पायरीवर अंथरलं. सगळा बाजार हेच करतो. पाय पुसले जातात, घाण आत येत नाही, आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं.

२०२३ ला अधिक श्रावण होता, आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. १८ जुलैला लागला आणि १६ ऑगस्टपर्यंत चालला. ज्यांचं भांड्यांचं दुकान नाही त्यांना याचा अर्थ कळणार नाही, म्हणून सांगते, जावयाला वाण द्यायचं, ३३ अनारसे आणि ते द्यायला ताट, ताटात दिवा, वर झाकायला काहीतरी, आणि प्रत्येक ताटावर नाव. आमच्यासाठी तीन वर्षांतून एकदा येणारी दिवाळी. नाव घालायच्या मशीनवर आमचे एक मामा बसतात, चष्मा नाकावर, सुई टर्रर्र करत तांब्यावर फिरत असते आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून सांगत असतं की 'चि.' नको, 'श्री.' घाला, जावई आहेत. रोजची शंभर ताटं. दारात गर्दी, छत्र्या, आणि पायरीवर ते पोतं भिजून चिखलाच्या रंगाचं झालेलं.

महिना लागून आठवडा झाला असेल. करंजे भागातल्या एक काकू, साठीच्या असतील, आदल्या दिवशी ताट पसंत करून, नावासकट सगळे पैसे भरून गेल्या होत्या, ते न्यायला आल्या. मी गल्ल्यावर होते आणि मला ते सगळं दिसलं. त्यांनी छत्री मिटली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा पाय पोत्यावर ठेवला, आणि पोतं त्यांच्या पायासकट मागं गेलं. म्हणजे त्या पोत्यावरून घसरल्या नाहीत हो, पोतंच ग्रॅनाईटवरून घसरलं, ओल्या गुळगुळीत दगडावर ओलं तागाचं कापड, गालिचाच झाला त्याचा. त्या पुढं पडल्या, उजवा हात टेकवला, आणि तो आवाज मी अजून विसरले नाही, मोठा नव्हता, सुपारी फुटल्यासारखा. मग त्यांची बांगडी फुटली तो आवाज. मग सगळी गर्दी एकदम बोलायला लागली.

"अगं बया, हात गेला माझा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग मला बघून, लाज वाटल्यासारखं हसून, "लागलं नाय फार, वैनी, ताट द्या."

पुढची दहा मिनिटं मी नीट सांगते, कारण माझ्या मते सगळा मामला त्या दहा मिनिटांत ठरतो. एकानं साखर आणा म्हणलं, एकानं कांदा. नवऱ्यानं त्यांना आत स्टुलावर बसवलं. मी ओढणीनं हात गळ्यात बांधला. आणि अण्णा, जे एरवी अतिशय सज्जन माणूस आहेत, चाळीस वर्षं बाजारात कुणाचा एक रुपया बुडवला नाही, ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्यांच्या घरी फोन कर, घरचे नेतील दवाखान्यात. आपण नेलं तर आपण मान्य केल्यासारखं होतं." आणि मान वर करून पाटीकडं बघितलं.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही ते पटलं. धंद्यात हे सगळ्यांच्या डोक्यात असतं, सॉरी म्हणलं की अडकलो, दवाखान्यात नेलं की अडकलो, पैसे दिले की तर संपलंच. पण मला तेवढ्यात आमच्याबरोबर झालेलं आठवलं.

त्याच्या वर्षभर आधी आम्ही पुण्यात एका बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो होतो, नाव घेत नाही. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, हात धुवून पळत आला आणि काचेच्या दारावर धाडकन आपटला. दार इतकं स्वच्छ पुसलेलं की दार आहे हेच कळत नव्हतं, त्यावर ना पट्टी ना स्टिकर ना हॉटेलचं नाव, काहीच नाही. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आणि मॅनेजर आले ते पहिल्यांदा काय करायला, तर मोबाईलवर फोटो काढायला. पोराच्या कपाळाचा नाही, त्याच्या बुटांचा. बुटाची लेस सुटली होती का हे बघत होते! बर्फ मी स्वतः मागून घेतला, तोही कोल्ड्रिंकच्या ग्लासात आला. बिलात दोन गुलाबजाम फुकट दिले. पोरगं दुसऱ्या दिवशी ठणठणीत होतं, टेंगूळ पण चार दिवसांत गेलं, पण त्या बुटांच्या फोटोचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि खरं सांगते, त्या माणसानं नुसतं "फार लागलं का हो बाळा" एवढं म्हणलं असतं ना तर मी त्या दाराबद्दल कुणाला अवाक्षर बोलले नसते.

तर मी नवऱ्याला म्हणलं गाडी काढ. एक्स-रे झाला, मनगटाजवळ बारीक चीर निघाली, डॉक्टर म्हणाले पडताना माणूस आपोआप हात टेकवतो आणि सगळं वजन मनगटावर येतं, पावसाळ्यात असे हात रोज येतात. चार आठवडे प्लास्टर. सगळं मिळून ४,३४० रुपये, ते आम्ही तिथंच भरले, काकूंना घरी सोडलं, त्यांचं ताट पण दिलं. अण्णा रात्री जेवताना बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकूंचा पुतण्या आला. तिशीचा, पुण्यात नोकरीला, फोन हातात, रेकॉर्डिंग चालू असावं असा मला संशय. म्हणाला सीसीटीव्हीचं फुटेज द्या, आणि पन्नास हजार द्या, नाहीतर ग्राहक मंचात जातो. अण्णांनी पाटी दाखवली. तो म्हणाला पाटीचं काय करू, लोणचं घालू? (हे मला मनातल्या मनात आवडलं.) नवरा म्हणाला पायरी रस्त्याच्या बाजूला येते, पडल्या त्या रस्त्यावर, नगरपालिकेला विचारा. आवाज वाढला, बाहेर बघे जमले. शेवटी मी म्हणलं दोन दिवस द्या, आणि त्या रात्री माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला, ती साताऱ्यातच वकिली करते.

तिच्याशी जे बोलणं झालं ते मी शक्य तेवढं तसंच लिहिते, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला उलट्या वाटत होत्या.

मी पहिल्यांदा पाटीचं विचारलं. ती हसलीच. म्हणाली, "अगं, पाटी लावून जबाबदारी जात असती तर एसटीनं पण लावली असती." मग तिनं मला ताज महाल हॉटेलची केस सांगितली, दिल्लीतली. १९९८ साली एक पाहुणा मारुती झेन घेऊन गेला, किल्ली हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगला दिली, चिठ्ठीवर छापलेलं की गाडी मालकाच्या जोखमीवर. गाडी चोरीला गेली. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी चिठ्ठी छापून झटकता येत नाही. "ती गाडी होती, इथं तर बाईचा हात आहे," ती म्हणाली. पाटीचा उपयोग एवढाच की समोरचा बिचकतो आणि परत फिरतो. पुतण्यासारखा माणूस बिचकत नाही.

मग मी म्हणलं की अगं पण आम्ही काळजी घेतली होती ना, पोतं टाकलं होतं. इथं ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "तेच तर वाईट आहे. पोतं टाकलंत म्हणजे पायरी घसरडी आहे हे तुम्हाला माहीत होतं."

मला हे पचायला वेळ लागला. तिनं समजावलं ते असं, की आपल्याकडे दुकानात पडलेल्या गिऱ्हाइकासाठी वेगळा असा कायदा नाही, इंग्लंडमध्ये १९५७ पासून आहे, आपल्याकडे कोर्टांच्या जुन्या निकालांवरच गाडं चालतं. त्यातला सगळ्यात जुना नावाजलेला निकाल इंग्लंडमधलाच, १८६६ चा, आणि गंमत म्हणजे साखर कारखान्यातला. गॅसच्या कामाला आलेला एक कामगार कारखान्यातल्या उघड्या भोकातून खाली पडला, कठडा नव्हता. कोर्ट म्हणालं की जो माणूस कामानिमित्त तुमच्या जागेत येतो त्याच्यासाठी, जो नेहमीच्या बाहेरचा धोका तुम्हाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवा होता, त्याची वाजवी काळजी तुम्ही घ्यायची. म्हणजे प्रश्न दोनच, माहीत होतं का, आणि त्यावर केलं ते पुरेसं होतं का. पडलं की दुकानदार दोषी असं अजिबात नाही. सुकी, सपाट फरशी आहे आणि कुणी मोबाईल बघत चालताना स्वतःच्या साडीत पाय अडकून पडलं तर तुमचा काय संबंध. गिऱ्हाइकाच्या हातातून तेलाची पिशवी फुटली आणि पुढच्याच मिनिटाला दुसरं गिऱ्हाईक घसरलं, तर तुम्हाला पुसायला वेळ तरी कुठं होता. पण तेच तेल तासभर तसंच राहिलं तर गोष्ट वेगळी. आमची पायरी तर पूर्ण महिनाभर तशी होती, आमच्याच दुकानातला पोरगा तिच्यावरून पडता पडता वाचलेला, आणि उपाय म्हणून आम्ही त्यावर जे टाकलं ते स्वतःच घसरणारं.

"आणि तुझ्या नवऱ्याला सांग," ती म्हणाली, "पायरी रस्त्यावर आहे हा मुद्दा परत काढू नको. पायरी बांधली कुणी? तुम्ही. दुकानाच्या हद्दीबाहेर असेल तर वर अतिक्रमण. धोंड्याच्या महिन्यात स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय होय?"

ग्राहक मंचाचं विचारलं. त्याला आता आयोग म्हणतात, २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. साताऱ्यात जिल्हा आयोग आहे. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत, गिऱ्हाइकानं भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि गिऱ्हाईक जिथं राहतं तिथं तक्रार करू शकतं. म्हणजे आमच्या दुकानात कोल्हापूरचा माणूस पडला तर आम्ही कोल्हापूरच्या चकरा मारायच्या. मी म्हणलं पण त्या तर आत पण आल्या नव्हत्या, काही घेतलं पण नव्हतं. इथं म्हणे फरक पडतो, नुसतं बघायला आलेलं माणूस त्या कायद्यात ग्राहक बसत नाही, पैसे दिलेले किंवा द्यायचं कबूल केलेलं पाहिजे. (त्यांच्यासाठी दिवाणी कोर्ट उघडं असतंच, फक्त तिथं वेळ फार जातो.) पण काकूंनी आदल्या दिवशी ताटाचे पैसे भरले होते, वर नाव घालायचे वेगळे, आणि पावती माझ्याच अक्षरात. तो रस्ता पण बंद. बरं, पैसे भरणाराच ग्राहक असतो असं पण नाही, ज्याच्यासाठी सेवा घेतली तो पण, म्हणजे त्या हॉटेलात बिल नवऱ्यानं भरलं तरी टेंगूळवाला माझा मुलगा ग्राहकच.

पोलिसांचं मला सगळ्यात जास्त भ्या वाटत होतं. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, कलम ३३७, हाड मोडलं तर ३३८. आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १२५ आहे, हलगर्जीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हाड मोडलं तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, तिथं शिक्षा वाढते. हे मला तेव्हा नव्यानं कळलं, की आपण ज्याला 'बारीक चीर' म्हणतो ते कायद्याला बारीक नाही. उलट नुसतं खरचटलं वगैरे असेल तर कायद्यातच सोय आहे, शहाणा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकं क्षुल्लक नुकसान गुन्हा धरत नाहीत. मैत्रीण म्हणाली पायरीवरून पडण्यात लोक सहसा पोलिसात जात नाहीत, तुम्ही अंगावर ओरडलात तर जातात.

काकूंच्या चपला झिजलेल्या होत्या, हे मी तिला सांगितलं. सांगताना मला बुटांचा फोटो काढणारा तो मॅनेजर आठवला आणि माझी मलाच लाज वाटली, पण सांगितलं. ती म्हणाली धर, त्यांची पण थोडी चूक निघाली, तर भरपाई तेवढी कमी होते, तुमची चूक पुसली जात नाही.

आणि दवाखान्याचे पैसे भरले त्याचं काय, अण्णा म्हणतात ते खरं का? तर नाही. माणसाला दवाखान्यात नेणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. पैसे देताना एका कागदावर लिहून घ्यायचं की हे तडजोडीसाठी दिलेत, जबाबदारी मान्य केलेली नाही आणि हा कागद कोर्टात पुरावा म्हणून वापरायचा नाही, अशा अटीवरच्या कबुलीला पुरावा कायद्यातच संरक्षण आहे. "आणि सीसीटीव्ही जपून ठेव," ती म्हणाली, "ते आपोआप पुसलं जातं, आणि पुसलं गेलं की लोक म्हणणार तुम्हीच पुसलं." आमच्या मशीनमध्ये पंधरा दिवसांचं राहतं. मी त्याच रात्री पेन ड्राईव्हवर घेतलं. बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यात दिसतं की काकूंच्या आधी वीस मिनिटांत तीन जणांचा पाय त्या पोत्यावर सरकलेला आहे, एकानं तर खांबाला धरलं, आणि मी गल्ल्यावर बसून नोटा मोजतेय.

मग मी काकूंच्या घरी गेले, पुतण्याला फोन न करता. एकटीच. दोन खोल्या, दारात तुळस, आणि काकू डाव्या हातानं स्टोव्हवरचा चहा ओतायला बघत होत्या. बोलता बोलता कळलं की त्या पाच घरी पोळ्या करतात. घरटी अठराशे. म्हणजे महिन्याचे नऊ हजार, आणि चार आठवडे हात प्लास्टरमध्ये म्हणजे ते सगळे गेले, वर बदली बाई आली की ती घरं परत मिळतील का ही धास्ती. आम्ही इकडे 'किरकोळ इजा' म्हणत बसलो होतो. किरकोळ कुणाला? माझं मनगट मोडलं असतं तर मी डाव्या हातानं गल्ला सांभाळला असता.

त्यांना पन्नास हजारांचं माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "पोराचं डोस्कं तापलंय, त्याच्याकडं लक्ष नका देऊ. पण वैनी, घरं सुटतील ओ माझी."

आम्ही शेवटी दिले ते असे, दवाखान्याचे ४,३४० आधीच दिलेले, प्लास्टर काढायच्या वेळच्या दुसऱ्या एक्स-रेचे ५००, पोळ्यांचे ९,०००, रिक्षाचे वगैरे धरून एकूण १५,००० पूर्ण केले. कागद मैत्रिणीनं मराठीत साधा लिहून दिला, काकूंनी डाव्या हाताचा अंगठा दिला, पुतण्यानं साक्षीदार म्हणून सही केली आणि जाताना मला म्हणाला, "ताई तुम्ही आधीच घरी आला असता तर मी एवढा बोललो नसतो." मी म्हणलं तुम्ही आधी पाणी प्यायला असतात तर आम्ही पण नसतो बोललो. त्या पाचातल्या दोन घरांत माझी ओळख निघाली (सातारा केवढं), त्यांना मी स्वतः फोन केला. चार घरं परत मिळाली, एक नाही मिळालं.

सगळेच पुतणे असे नसतात आणि सगळ्याच काकू अशा नसतात, हेही सांगायला पाहिजे नाहीतर खोटं होईल. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले, बाहेर पडताना अर्धं ओढलेलं शटर डोक्याला लागलं म्हणाले, एमआरआयचे पैसे द्या. शटरचा प्रकार खरा असतो, दुपारी आणि रात्री बंद करायच्या वेळी शटर अर्ध्यावर ओढलेलं असतं आणि उंच माणसाच्या डोक्याला त्याची पत्र्याची कड बरोब्बर लागते, म्हणून मी आधीच त्या कडेला लाल-पांढरी पट्टी आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून घेतलेला. कॅमेऱ्यात बघितलं तर ते वाकून नीट बाहेर गेलेले. फुटेज दाखवलं, चहा पाजला, गेले. कॅमेरा दोन्हीकडून बोलतो.

इन्शुरन्सचं तेवढं सांगते. आमच्याकडे दुकानाची पॉलिसी होती, बँकेच्या सीसीसाठी म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जासाठी काढलेली. मी गोड गैरसमजात होते की त्यात हे सगळं येतं. काढून वाचली तर आग आणि चोरी. दुकानदारांसाठीच्या पॉलिसीत पब्लिक लायबिलिटीचा एक भाग वेगळा घेता येतो, म्हणजे तुमच्या जागेत तिऱ्हाइताला इजा झाली आणि कायद्यानं तुम्ही भरपाई देणं लागत असाल तर कंपनी देते, आमच्या फॉर्मवर तो रकाना एजंटनं आडवी रेघ मारून सोडलेला. आता घेतलाय, प्रीमियम फार वाढला नाही. पण त्यात एक मेख आहे, कंपनीला न विचारता तुम्ही परस्पर जबाबदारी कबूल केली किंवा तडजोड केली तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून आता क्रम असा, आधी माणूस दवाखान्यात, मग लगेच कंपनीला कळवणं, मग कागद. सॉरी म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि पायरी. ग्रॅनाईट काढून टाकायचा तर खर्च, वर नवऱ्याचा जीव त्यात अडकलेला. चिकटपट्टी लावून बघितली, ती पहिल्याच पावसात कडेनं सुटली आणि तिच्यात पाय अडकायला लागले, म्हणजे नवीनच धोका. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. एक दिवस गल्लीतून "टाकीऽऽ लावायची का पाट्याला" ओरडत बाई चालल्या होत्या, अण्णांनी त्यांना थांबवलं आणि पायरी दाखवली. त्या आधी हसल्या, मग छिन्नी-हातोडी घेऊन बसल्या, आणि दोन दिवसांत दोन्ही पायऱ्यांना पाटा-वरवंट्याला लावतात तशी टाकी लावून दिली. आरसा गेला. नवरा दोन दिवस त्या बाजूला बघत नव्हता. पण भर पावसात अनवाणी पळत या, पाय धरून ठेवते पायरी. पोतं आता नाही, आत रबरी पायपुसणं आहे, जड, खालून खरखरीत.

काकू येतात अधूनमधून. पायरीवर चढायच्या आधी चप्पल घासून बघतात, मुद्दाम मला दिसेल असं.

पाटी अजून तिथंच आहे, अण्णा काढू देत नाहीत, म्हणतात असू दे, रंगाला पैसे दिलेत. पण आता त्याच खिळ्यावर मी कॅलेंडर अडकवते, तेवढ्याच मापाचं, आणि खालून फक्त 'आज्ञेवरून' एवढंच दिसतं.